चंद्रावतीचा पडायचा वर्ग

पनवेलमध्ये सत्काराची हौस दांडगी. कुणी गुणवत्ता यादीत आला, कुणी नगरपालिकेतून निवृत्त झाला, कुणी नुसताच कुवेतहून परत आला, की त्याला खुर्चीत बसवायचं, अंगावर शाल घालायची, हातात नारळ द्यायचा आणि टाळ्या वाजवून घरी पाठवायचं. या हौसेला चंद्रावती काशिराम कोळी ही आयतीच सापडली होती. एकेकाळी राज्यात पहिली आलेली जिमनॅस्ट, पाठीला मार बसून डावा पाय जवळजवळ निकामी झालेली, आणि वर कोळीवाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी. सत्कार करणाऱ्याला आणखी काय हवं? लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर लावलेला पाय पुढे करून, कुबडी टेकून ती स्टेजच्या पायऱ्या चढू लागली की पहिल्या रांगेतल्या बायकांचे डोळे आपोआप भरून यायचे. भाषण करणाऱ्यांचा गळाही ठरल्या वाक्याला दाटून यायचा. ‘जिद्दीचं मूर्तिमंत उदाहरण’ हे शब्द तिने इतक्या वेळा ऐकले की ते कुणाबद्दल आहेत तेच तिला कळेनासं झालं. आपण काही केलेलंच नाही, नुसतेच जिवंत राहिलो आहोत, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि जिवंत राहण्याबद्दल कुणी शाल देऊ लागलं की तिचं डोकं फिरायचं.

डोकं फिरायची सवय मात्र तिला लहानपणापासूनची. खाडीत नांगरलेल्या होड्यांच्या डोलकाठ्यांवर ती पोरांच्या आधी चढायची आणि वरून त्यांना वेडावून दाखवायची. शाळेतल्या महादेव सरांनी तिला तिथेच पाहिलं आणि गावातल्या व्यायाम मंडळाच्या हॉलमध्ये आणलं. हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर, एका अंगाला कुस्तीची जुनी माती आणि दुसऱ्या अंगाला सरांनी कुठून कुठून जमवलेलं जिमनॅस्टिक्सचं सामान. मुलींसाठी एक खाली एक वर असे दोन बार होते. त्यांचे लोखंडी पाय कळंबोलीच्या लोखंड बाजारात वेल्डिंग करून आणलेले. पोरगी तोकड्या कपड्यात पुरुषांसमोर उड्या मारते म्हणून कोळीवाड्यात बोटं मोडली गेली, तेव्हा तिची आई चांगुणा पाटी खाली ठेवून, पदर खोचून भर बाजारात उभी राहिली. “माजी पोर उडते, तर तुमच्या पोटान कशाला दुखतं?” म्हणाली. “तुमाला नाय उडता येत, त्याला मी काय करू?” पुढे कुणी बोललं नाही. काशिराम तळोज्याच्या कंपनीतून शिफ्ट करून यायचा आणि जेवता जेवता पोरीने काय नवीन शिकलं ते विचारायचा. त्याला त्यातलं काही कळत नसे, पण विचारल्याशिवाय तो हात धूत नसे.

सतराव्या वर्षी चंद्रावतीची राष्ट्रीय शिबिरासाठी निवड झाली. साल सत्याऐंशी. रायगड जिल्ह्यातून तिथवर कुणी मुलगी गेलेली नव्हती. तिला निरोप द्यायचा म्हणून मंडळाच्या वर्धापनदिनाला तिचं प्रात्यक्षिक ठेवलं. मंडळाचे चिटणीस दीनानाथकाका. कडक इस्त्रीचा झब्बा, बोलायला गोड, आणि मंडळासाठी जीव टाकणारा माणूस. पाहुणे मोठे होते, आणि मोठ्या पाहुण्यांना भारतीय बैठक हवी, अशी काकांची समजूत. बैठकीला गाद्या हव्यात. मंडपवाल्याच्या गाद्या कमी पडल्या. मग काकांनी काय करावं? हॉलमधल्या जिमनॅस्टिक्सच्या गाद्या उचलून स्टेजजवळ नेल्या, त्यांच्यावर शुभ्र चादरी घातल्या, लोड मांडले आणि पाहुण्यांना त्यावर बसवलं. बारच्या खाली उरली ती एक काथ्याची चटईवजा गादी, मधोमध दबून पापड झालेली. महादेव सर त्या दिवशी अलिबागला स्पर्धेचे पंच म्हणून गेले होते. ते असते तर पाहुण्यांना मातीत बसवलं असतं.

चंद्रावतीने ती गादी पाहिली होती. हे ती कधीच नाकारत नाही. पाहिली, आणि सतरा वर्षांच्या माजात म्हणाली, हिला काय होतंय! वरच्या बारवरून झोका घेऊन, हात सोडून, हवेत उलटी गिरकी मारून पायांवर उतरायचं, याला जिमनॅस्ट डिसमाउंट म्हणतात. ती गिरकी तिने शेकडो वेळा मारली होती. त्या दिवशी हात जरा लवकर सुटला, आणि ती पायांऐवजी पाठीवर आली. गादीतून जमिनीचा आवाज आला.

मग जे झालं ते सगळं मायेपोटी झालं. माणसं धावली. कुणी काखेत हात घातले, कुणी पाय धरले, आणि भाताचं पोतं उचलावं तशी तिला उचलून रिक्षात कोंबली. चंद्रावती ओरडत होती, “नका उचलू, नका उचलू,” पण दुखतंय म्हणून ओरडते आहे असंच सगळ्यांना वाटलं. पाय धरणारे हात दीनानाथकाकांचे होते. मुंबईच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “हिला उचललं कसं?” चांगुणाने सांगितलं.  डॉक्टर म्हणाले, की मणका पडल्यावरच सरकला की उचलताना, हे आता देवालाच ठाऊक. चंद्रावती डोळे मिटून ऐकत होती. तिने ते पोटात ठेवलं. काका आठवड्याला शहाळी घेऊन यायचे, पलंगाच्या कडेला बसून रडायचे. रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं!

महादेव सरांनी बदली मागून घेतली आणि ते महाडला निघून गेले. हॉलमधले बार भिंतीला लागले, त्यांच्यावर ओले टॉवेल वाळू लागले. चंद्रावती आधी बसायला शिकली, मग उभी राहायला, मग कॅलिपर आणि कुबडीवर चालायला. ते सगळं रडण्यात आणि शिव्या देण्यात गेलं, त्यात जिद्द वगैरे काही नव्हती. आणि ती जरा चालू लागल्याबरोबर सत्कार सुरू झाले.

ब्याण्णव सालच्या वर्धापनदिनाला काकांनी पुन्हा तिला खुर्चीत बसवलं. शाल झाली, नारळ झाला. “चंद्रावतीताई दोन शब्द बोलतील,” म्हणून काकांनी माईक पुढे धरला. दोन शब्द म्हणजे आभार, हे ठरलेलं. चंद्रावती उठून उभी राहिली.

“शाली पुष्कळ झाल्या,” ती म्हणाली. “आमच्या आळीत आता म्हशींच्या अंगावर सुद्धा शाली आहेत. मला या हॉलमधला रोजचा एक तास द्या. मी मुलींना जिमनॅस्टिक्स शिकवीन. देऊया ना सगळ्यांनी मिळून? वाजवा टाळ्या!”

माईकवरून टाळ्या मागितल्या की पनवेलकर वाजवतातच. हॉल दणाणला. पाहुण्यांनीही वाजवल्या. घास तोंडात घातल्यावर मीठ राहिल्याचं लक्षात यावं, तसा काकांचा चेहरा झाला. पण टाळ्या तर वाजून गेल्या होत्या. तास द्यावा लागला.

दिला तोही कसा, दुपारी तीनचा! पत्रा तापलेला, खाली उभं राहिलं तरी डोक्यातून घाम निथळणारा. या वेळेला कुणी येणार नाही, महिन्याभरात बाईच कंटाळेल, असा मंडळाच्या समितीचा हिशेब. सुरुवातीला तसंच झालं. जिने स्वतःची पाठ मोडून घेतली तिच्या हाती आपली पोर कोण देणार? मग चांगुणाने मासळी बाजारातल्या बायकांच्या पोरी धरून आणल्या. “दुपारची उनाडक्या करतान, त्यापेक्षा इथं उड्या मारू देत,” म्हणाली. त्यांच्या मागोमाग मोहल्ल्यातून मुबीना आली. दहा वर्षांची, काटकुळी, वडील कुवेतला. आईला न विचारता आली होती, आणि आल्या आल्या बारला लोंबकळली. चंद्रावतीने तिच्याकडे पाहिलं. स्वतःचंच पोरवय समोर येऊन लोंबकळत होतं.

आता खरी अडचण इथे होती. जिमनॅस्टिक्स शिकवणारा माणूस बारखाली उभा राहतो, मुलगी सुटली तर झेलतो. चंद्रावतीला झेलता येत नव्हतं. ती कुबडी सावरेपर्यंत मुलगी खाली आलेली असणार. तिने रात्रंदिवस यावर डोकं खाजवलं आणि एक उफराटा मार्ग काढला. झेलणारं कुणी नाही ना? मग आधी पडायलाच शिका.

सहा महिने तिने पोरींना दुसरं काही शिकवलंच नाही. पुढे पडा, मागे पडा, पाठीवर, कुशीवर, उंचावरून, गरगर फिरून. हनुवटी छातीला, कोपर मोकळं, पाठ गोल. सायनच्या भंगारवाल्याकडून ट्रकच्या ट्यूब आणून त्यांच्यावर गोणपाट शिवलं, त्याच्या गाद्या केल्या. आणि एक कायदा केला. पडलेलीला कुणी हात लावायचा नाही. तिने जागेवर पडून राहायचं, काय दुखतंय ते स्वतः बघायचं, आणि स्वतः उठायचं. उठता येत नसेल तर तसं सांगायचं, मग सरळ आडवं न्यायला फळी आणायची. मैत्रीण रडत असली तरी बाजूला उभं राहून बघायचं. लहान पोरींना हे फार जड जाई. एकीने हात दिला म्हणून चंद्रावतीने तिला आठवडाभर घरी बसवलं होतं.

गावात चेष्टा सुरू झाली. ‘पडायचा वर्ग’ हे नाव कुणी पाडलं कोण जाणे, पण उरण नाक्याच्या रिक्षावाल्यांना सुद्धा ते पाठ झालं. मुबीनाच्या आईला, ताहिराला, ते तिथेच कळलं आणि ती तडक हॉलमध्ये आली.

“चंद्राताई, गुस्सा करू नका, पण माझी मुलगी इतके दिवस येते आणि शिकली काय? पडायला?” ताहिरा म्हणाली. “हिच्या अब्बूंना फोनवर काय सांगू मी?”

“सांगा, की पडायला शिकली,” चंद्रावती म्हणाली. “मी शिकले नव्हते.”

ताहिराने तिच्या पायाकडे पाहिलं. मग मुबीनाकडे पाहिलं. ती उंच टेबलावरून पाठीमागे पडून, गोल फिरून उभी राहिली होती आणि आईकडे बघून दात काढत होती. ताहिरा निघून गेली, पण दुसऱ्या दिवशी तिने मुलीबरोबर लिंबू सरबताची बाटली पाठवली.

पडण्याची भीती गेलेल्या पोरी मग अशा भराभर शिकल्या, की चंद्रावतीलाच धापा लागल्या. दोन वर्षांत मुबीना जिल्ह्यात पहिली आली. फक्त एकच गोष्ट चंद्रावती तिला करू देईना. वरच्या बारवरून ती उलटी गिरकी. मुबीना मागे लागायची, हट्ट करायची, गाल फुगवून बसायची. चंद्रावती दरवेळी नवीन कारण काढायची. साऱ्या गावाला ठणकावणारी बाई या एका उडीपुढे कच खात होती, आणि त्या पोरीला ते कळत होतं. शेवटी एक दिवस मुबीना म्हणाली, “ताई, तुम्ही मला पडायला शिकवलं ना? मग घाबरता कशाला?” चंद्रावतीने तिला ओरडून घरी पाठवलं. आणि दुसऱ्या दिवशी, ओठ घट्ट मिटून, गिरकी शिकवायला सुरुवात केली.

पंच्याण्णव साल उजाडलं तेव्हा पनवेलमध्ये कराटेचं पेव फुटलं होतं. एका कराटेवाल्याने समितीला भाडं देऊ केलं आणि अट घातली, दुपारपासून रात्रीपर्यंत सबंध हॉल हवा. समितीच्या तोंडाला पाणी सुटलं. काकांनी चंद्रावतीला बोलावून अगदी मऊ आवाजात सांगितलं, “वर्धापनदिनाला तुझ्या मुलींचं प्रात्यक्षिक ठेवू. समितीला पटलं तर तुझा तास राहील. नाही पटलं तर मात्र... तू समजून घे. आणि हो, त्या तुझ्या गाद्या आदल्या दिवशी लागतील. बैठकीला.”

चंद्रावती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना खरोखरच काही आठवत नव्हतं! किंवा आठवू नये म्हणून त्यांनी इतकी वर्षं शाली घातल्या होत्या.

“काका,” ती म्हणाली, “त्या दिवशी गाद्याही तुम्हीच नेल्यात, आणि मला उचललंतही तुम्हीच. डॉक्टर म्हणाले, मणका पडल्यावर सरकला की उचलताना, ते सांगता येत नाही. मी आजवर बोलले नाही, कारण तुम्ही रडत होतात. आता रडू नका. गाद्या मिळणार नाहीत. पाहुण्यांना खुर्च्या द्या.”

काका रडले नाहीत. झब्ब्याच्या गुंड्या चाचपत बसले आणि मग उठून गेले. वर्धापनदिनाला स्टेजसमोर खुर्च्या होत्या. काकांनी त्या शाळेतून स्वतः हातगाडीवर घालून आणल्या, असं नंतर कळलं.

हॉल भरला होता. कराटेवाला पुढच्या रांगेत बसून जागा डोळ्यांनी मोजत होता. बाजारातल्या बायका पाट्या बाहेर ठेवून आल्या होत्या, मोहल्ल्यातल्या बायका ताहिराभोवती एका कोपऱ्यात दाटीने बसल्या होत्या. लहान पोरींची कामं झाली, बरी झाली. शेवटी मुबीना बारवर चढली. बारपासून चार हातांवर खुर्चीत चंद्रावती बसलेली, कुबडी शेजारी टेकवलेली. झोके झाले. खालचा बार, वरचा बार, पुन्हा झोका, आणि मग ती गिरकी.

हात जरा लवकर सुटला.

चंद्रावतीला तो सुटताना दिसला. ती कधी उभी राहिली, कुबडी कुठे राहिली, तिला कळलं नाही. ती त्या पोरीकडे धावली, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या पायांनी धावली, आणि दुसऱ्याच पावलाला डावा पाय दुमडून भर हॉलमध्ये कोसळली. मुबीना गादीवर, ती फरशीवर.

“अगं आई गं!” असा आवाज उठला आणि निम्मा हॉल उभा राहिला. सगळ्यांत आधी पोचले दीनानाथकाका. वाकले, हात पुढे केले.

“हात लावू नका!” चंद्रावती खालून ओरडली. “हिलाही नाही, मलाही नाही. कुणीही नाही!”

काकांचे हात तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबले.  त्यांनी ते हळूहळू मागे घेतले आणि वळून, दोन्ही हात पसरून, मागून येणाऱ्या माणसांना अडवून धरलं. ताहिरा अर्ध्यापर्यंत आली होती. तीही थांबली. तोंडाला ओढणी लावून तिथेच उभी राहिली.

मुबीना कुशीवर गोल झाली होती. तिने मान हलवून पाहिली, पाय हलवून पाहिले आणि उठून उभी राहिली. मग ती चंद्रावतीजवळ आली आणि शेजारी उभी राहिली. हात दिला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले.

उठणं काही बघण्यासारखं नव्हतं. आधी कोपरावर, मग चांगल्या गुडघ्यावर, मग कॅलिपरचा पाय लाकडासारखा बाहेर फेकून, खुर्चीचा पाय पकडून. साडी धुळीने माखली, केस सुटले. मध्येच एकदा हात घसरून ती पुन्हा आपटली, तेव्हा मागून एका बाईने हुंदका दिला. “गप गो!” चांगुणा कडाडली. “उठते ती!”  कराटेवाला सुद्धा उभा होता.

चंद्रावती उभी राहिली. श्वास लागला होता. तिने केस मागे सारले आणि मुबीनाला विचारलं, “काय चुकलं?”

“हात लवकर सोडला.”

“मग?”

“परत चढते,” मुबीना म्हणाली, आणि डोळे पुसून, हाताला पावडर लावून चढलीसुद्धा.

या वेळी चंद्रावती खुर्चीत बसली नाही. कुबडीवर वाकून, दात आवळून बघत राहिली. गिरकी तशी सुबक झाली नाही. उतरताना पोरगी दोन पावलं भेलकांडली. पण उतरली ती पायांवर, आणि हात वर करून उभी राहिली. मग हॉलमध्ये जो गलका झाला, त्यात पत्रे उडतात की काय असं वाटलं. ताहिरा रडत होती, हसत होती, आणि शेजारणीला सांगत होती, “माझी मुलगी! माझी आहे ती!”

काका माईकजवळ गेले. त्यांच्या खिशात समारोपाचं भाषण होतं, ते त्यांनी काढलं नाही.  माईकवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, “चंद्रा, काय बोलू गं?”

समितीची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाला सुट्टी असते, ही कित्येक वर्षांची रीत.

“उद्या सुट्टी नाही म्हणून सांगा,” चंद्रावती म्हणाली. “मुलींचा वर्ग आहे. तीन वाजता.”

काकांनी समितीकडे पाहिलं नाही. माईकवरचा हात काढला आणि ते सांगितलं.